वळणच्या वारुळापासून बर्लिनपर्यंत

उसाच्या बेण्याला, भुईमुगाच्या मुळाला आणि घराच्या चौकटीला लागणारी वाळवी सोलापूरच्या माणसाला नवी नाही. करमाळा, माढा, बार्शी या बाजूला बांधावरच्या वारुळाची नागपंचमीला पूजा होते आणि वाळवी पिकावर चढली की त्याच वारुळात औषधही ओतले जाते. दख्खनच्या पठारावर मोठी वारुळे उभारणाऱ्या वाळवीच्या एका जातीचे शास्त्रीय नाव आहे ओडोंटोटर्मिस वालोनेन्सिस. त्यातले वालोन म्हणजे नगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातले वळण. लाकूड पोखरणाऱ्या दुसऱ्या एका जातीचे नाव कॉप्टोटर्मिस हाइमी. जे. बी. हाइम हे त्या भागात काम करणारे कॅथलिक धर्मगुरू होते. दोन्ही जातींचे वर्णन १९०२ मध्ये एकाच अभ्यासकाने केले. त्यांचे नाव एरिक वासमान. तेही धर्मगुरूच, हाइम यांच्यासारखेच जेझुइट संघाचे. युरोपातले कॅथलिक विद्वान डार्विनचे नाव जपून घेत होते, त्या काळात सजीवांच्या जाती बदलत आल्या आहेत असे वासमान यांनी उघडपणे लिहिले. त्यासाठी जे पुरावे मांडले त्यांतले काही आपल्या मातीतून गेले होते.

चर्च आणि विज्ञान म्हटले की आपल्याकडे गॅलिलिओचा खटला आठवतो आणि बहुतेक वेळा बोलणे तिथेच थांबते. उत्क्रांतीबाबत कॅथलिक चर्चची वाट वेगळी आहे. ती सरळ नाही. तिच्यात भीती आहे, माघार आहे, दडपणूकही आहे. पण आज हे चर्च उत्क्रांतीला विरोध करत नाही आणि 'बुद्धिमान रचने'च्या नावाने पुढे आलेल्या पर्यायालाही त्याने आपला सिद्धांत मानलेले नाही. या भूमिकेचे श्रेय बहुधा एकेका पोपला दिले जाते. मला ते अपुरे वाटते. पोप बोलण्याआधी कोणीतरी किडे हातात घेऊन पाहिले होते.

ही माणसे इकडे आली कशी, हे आधी सांगायला हवे. मुंबई-पुण्याचे मिशन १८५०च्या दशकात जर्मन जेझुइटांकडे आले. पुढे १८७२ मध्ये बिस्मार्कच्या सरकारने कायदाच करून जेझुइटांना जर्मनीबाहेर घालवले. संघाचे तरुण कुणी हॉलंडमध्ये, कुणी लक्झेंबर्गमध्ये, कुणी समुद्रापार गेले. वासमान १८५९ मध्ये टिरोलमधल्या मेरान गावी जन्मले. चित्रकार फ्रीडरिख वासमान यांचे ते चिरंजीव. १८७५ मध्ये ते संघात दाखल झाले ते हॉलंडमधल्या एक्साटेन इथे, कारण जर्मनीत संघाला जागाच उरली नव्हती. फुप्फुसाच्या आजाराने त्यांना परदेशी मिशनवर जाणे शक्य नव्हते. ते मुंग्यांकडे वळले आणि आयुष्यभर तिथेच राहिले.

इकडे दख्खनमध्ये १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला. सोलापूर आणि नगर हे त्याचे सर्वांत होरपळलेले जिल्हे. ही दोन जिल्ह्यांची जोडी जुनी. १८३८ मध्ये सोलापूर हा नगरचाच उपजिल्हा होता. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांच्या हातून दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये पुरा झाला, तो राहुरीवरूनच जातो. त्याच काळात जर्मन फादरांनी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत बस्तान बसवले. वळण, केंदळ, संगमनेर ही त्यांची जुनी ठाणी. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला, त्यात सोलापूरही होते आणि नगरही. (नगर १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांतात गेले, सोलापूर अजून पुण्याकडेच आहे.) चर्चमध्ये आलेली माणसे बहुतांशी महार-मांग समाजातली, दुष्काळाने आणि जातीने दोन्हीकडून मोडलेली. धान्य, शाळा, औषध आणि प्रार्थना हे मिशनचे रोजचे काम. त्या धबडग्यात फादर हाइम वारुळे उघडून त्यातले जीव वासमान यांच्याकडे पाठवत होते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. वारूळ कुदळीशिवाय फुटत नाही. त्या कुदळी कोणाच्या हातात होत्या, हे मात्र कुठल्याही शास्त्रीय नावात नोंदलेले नाही.

वासमान यांना वाळवीपेक्षाही वाळवीच्या घरातले पाहुणे हवे होते. मुंग्यांच्या आणि वाळवीच्या वसाहतीत त्यांच्याखेरीज इतरही कीटक राहतात. काही चोरून खातात, काही अंगावरच्या केसांच्या झुपक्यांतून असा स्राव देतात की यजमानच त्यांना भरवतात. काहींचे पोट इतके फुगलेले असते की तो जीव मूळ कोणत्या कुळातला हे ओळखूही येत नाही. १९०० मध्ये वासमान यांनी अशाच एका माशीच्या नव्या प्रजातीसमूहाचे वर्णन प्रसिद्ध केले, टर्मिटोझेनिया. जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा जीव, पोट फुगलेले, पंख नाहीत आणि पंखांच्या जागी विचित्र उपांगे. काही नमुने दक्षिण आफ्रिकेतून आले होते, एक जात नगर जिल्ह्यातून. तिला त्यांनी टर्मिटोझेनिया हाइमी असे नाव दिले.

या माशीने वासमान यांना विचार करायला लावले. प्रत्येक जात देवाने आहे तशीच स्वतंत्र घडवली असेल, तर वारुळाच्या अंधारात जन्म काढणाऱ्या जीवाला पंखांचे अवशेष कशाला? उडणाऱ्या पूर्वजांपासून ती वारुळात आली आणि पिढ्यान् पिढ्या बदलत गेली असे मानले, तर त्या अवशेषांचा अर्थ लागतो. वासमान यांचे तपशील सगळे टिकले नाहीत. ही माशी नर-मादी दोन्ही एकत्र असलेली आहे, हा त्यांचा निष्कर्ष पुढच्या संशोधकांनी खोडून काढला. मादी वारुळात शिरल्यावर आपले पंख मोडून टाकते आणि त्यांचे खुंट उरतात, हेही नंतर कळले. म्हणजे ज्या अवयवावर त्यांनी बोट ठेवले त्याचा अर्थ थोडा वेगळा निघाला. विज्ञानात असे होतच असते. त्यांचा प्रश्न मात्र योग्य होता आणि त्यांनी तो बायबलला विचारला नाही, माशीला विचारला.

दुसरा पुरावा मला याहून भक्कम वाटतो, तो खंडाळ्याचा आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे जेझुइट जोसेफ आस्मुट हे वाळवीचे जाणते अभ्यासक. त्यांच्याही नावाने वाळवीची एक जात आहे, ओडोंटोटर्मिस आस्मुटी. मुंबई इलाख्यातल्या लाकूडखाऊ वाळवीवर त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. खंडाळ्याच्या वारुळांत त्यांना डोरिलोझेनस नावाचे इवलेसे भुंगेरे सापडले आणि त्यांनी ते वासमान यांच्याकडे धाडले. गंमत अशी की या भुंगेऱ्याचे आफ्रिकेतले भाऊबंद वाळवीकडे राहत नाहीत. ते राहतात वाळवीच्या वैऱ्याकडे, झुंडीने फिरणाऱ्या शिकारी मुंग्यांकडे. त्यांच्या पायांची ठेवणही मुंगीच्या अंगाला चिकटून प्रवास करण्याजोगी. मग तीच ठेवण घेऊन हा प्राणी खंडाळ्याला वाळवीच्या घरात काय करतो? वासमान यांचे उत्तर असे: शिकारी मुंग्या वाळवीच्या वसाहतींवर हल्ले करतात. अशा हल्ल्यांतून त्यांचे काही पाहुणे वारुळात मागे राहिले, तिथे रुजले आणि त्यांच्या वंशातून वाळवीबरोबर राहणाऱ्या नव्या जाती तयार झाल्या. शरीरावर जुन्या मुक्कामाची खूण राहिली. 'आधुनिक जीवशास्त्र आणि उत्क्रांतीचा सिद्धांत' या त्यांच्या जर्मन ग्रंथाच्या १९०४ च्या आवृत्तीत पाहुण्यांच्या या स्थित्यंतरांना मानाची जागा आहे.

युरोपातल्या दिनार्दा भुंगेऱ्यांचे उदाहरणही त्यांनी दिले. चार रूपे, चार वेगवेगळ्या जातींच्या मुंग्यांकडे राहणारी, आणि प्रत्येकाचा आकार आणि रंग आपापल्या यजमानाला साजेसा. काही प्रदेशांत ही रूपे स्पष्ट वेगळी दिसतात, काही ठिकाणी मधल्या पायऱ्याही सापडतात. जाती बनण्याचे काम आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे, असे वासमान म्हणत. एका जेझुइटाच्या लेखणीतून हे येत होते.

त्या वेळी रोममध्ये काय चालले होते? डार्विनचा 'ओरिजिन' चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत कधीच गेला नाही, हे पुष्कळांना आश्चर्याचे वाटेल. पण यादीत न घालताही माणसे गप्प करता येतात. फ्रान्सचे डोमिनिकन पाद्री दाल्मास लरुआ यांनी मानवी शरीरही उत्क्रांत झाले असावे असे लिहिले. १८९५ मध्ये त्यांना जाहीर माघार घ्यावी लागली. अमेरिकेतले फादर जॉन झाम यांच्या १८९६ च्या पुस्तकावर दोन वर्षांनी बंदीचा निर्णय झाला, मात्र तो प्रसिद्ध केला गेला नाही. हा सगळा व्यवहार बंद दाराआड होता. व्हॅटिकनने १९९८ मध्ये त्या दप्तराचे दरवाजे अभ्यासकांना उघडले तेव्हा त्याचा नीट उलगडा झाला. मला यात चर्चचा शहाणपणा दिसत नाही. प्रामाणिक माणसाला एकांतात बोलावून त्याचे लिखाण मागे घ्यायला लावणे ही दडपणूकच आहे.

वासमान वाचले याची दोन कारणे दिसतात. एक, त्यांच्याकडे पुराव्यांचा ढीग होता आणि तो इतर कुणाकडे नव्हता. दुसरे, ते माणसापाशी थांबले. प्राण्यांच्या जाती बदलत आल्या, पण सगळे प्राणी एकाच मुळातून निघाले असे त्यांनी मानले नाही. अनेक मूळ वंश कल्पिले. नैसर्गिक निवड एकटी पुरेशी आहे हेही त्यांना पटले नाही. माणसाचे शरीर पशूपासून आले याला पुरावा नाही आणि आत्मा तर ईश्वराचीच थेट निर्मिती, अशी त्यांची रेघ होती. आत्म्याचा प्रश्न श्रद्धेचा होता, तो प्रयोगशाळेत सुटणारा नव्हता. पण शरीराच्या बाबतीत मुंगीच्या पाहुण्यांना लावलेली कसोटी त्यांनी माणसाला लावली नाही. त्यांच्या विचारातली ही दुबळी जागा आहे.

तिच्यावर नेमका घाव पडला बर्लिनमध्ये. येनाचे अर्न्स्ट हेकेल हे त्या काळातले डार्विनचे सर्वांत मोठ्या आवाजाचे जर्मन पुरस्कर्ते. उत्क्रांती म्हणजे ईश्वराचा निरोप, असा त्यांचा प्रचार होता. जेझुइट उत्क्रांती मान्य करतो हे त्यांना चर्चचा डावपेच वाटले. फेब्रुवारी १९०७ मध्ये वासमान यांनी बर्लिनमध्ये तीन व्याख्याने दिली आणि १८ तारखेला जाहीर वादसभा झाली. सुमारे दोन हजार श्रोते. समोर प्राणिशास्त्रज्ञ लुडविग प्लाटे यांच्यासह एकामागून एक अकरा वक्ते. जेझुइट असलेला माणूस मोकळा संशोधक असूच शकत नाही, असा प्लाटे यांच्या बोलण्याचा रोख होता. वासमान यांची उत्तराची पाळी आली तेव्हा मध्यरात्र जवळ आली होती. त्यांचे म्हणणे साधारण असे होते: किड्यांबद्दलचे माझे पुरावे चुकीचे असतील तर किड्यांवरून दाखवा, माझ्या झग्यावरून नको. निसर्गाच्या कारणांनी जे घडू शकते तिथे ईश्वराला मध्ये ओढण्याची गरज नाही, आणि नियमांतून सृष्टी घडवणारा ईश्वर लहान ठरत नाही, ही त्यांची धारणा होती. त्या सभेत कोण जिंकले यावर वर्तमानपत्रांत भरपूर छापून आले. आज मागे वळून पाहता प्लाटे यांचा माणसाबद्दलचा मुद्दा बरोबर होता आणि वासमान यांचा ईश्वराबद्दलचा मुद्दाही न कोसळणारा होता, असे मला वाटते.

या वादाची ठिणगी मुंबईतही पडली. १९१५ मध्ये इथल्या एक्झॅमिनर प्रेसने एक इंग्रजी पुस्तक छापले. लेखक तेच खंडाळ्याचे आस्मुट आणि 'एक्झॅमिनर' या कॅथलिक साप्ताहिकाचे संपादक, इंग्लिश जेझुइट अर्नेस्ट हल. हेकेल यांनी भ्रूणांची चित्रे कशी रेटून सारखी दाखवली, कुत्रा, कोंबडी आणि कासव यांच्यासाठी एकच ठसा कसा वापरला, हे त्यात मांडले होते. ठशाची ही लबाडी युरोपात १८६८ मध्येच उघड झाली होती आणि १९०८ मध्ये पुन्हा गाजली. पुस्तकाचा हल्ला हेकेलवर होता. आस्मुट यांनी वारुळातून काढलेले भुंगेरे तर उत्क्रांतीच्याच बाजूने साक्ष देत होते. तरी पुढे अमेरिकेतल्या सृष्टिवाद्यांनी हे मुंबईचे पुस्तक उत्क्रांतीविरुद्धचे हत्यार म्हणून वर्षानुवर्षे वापरले. आस्मुट यांच्यावर याहून मोठा अन्याय दुसरा नाही.

पहिल्या महायुद्धाने जर्मन फादरांचे इथले पर्व मोडले. त्यांना स्थानबद्ध करून मायदेशी धाडले गेले. पुण्याचे बिशप हाइनरिख डोरिंग यांनाही तेव्हा पुण्याला परतता आले नाही. मधली काही वर्षे त्यांनी जपानमध्ये हिरोशिमाला काढली आणि १९२७ मध्येच ते पुण्याला परत आले. आस्मुट पुढे न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात शिकवू लागले. मुंबईचे मिशन स्पॅनिश जेझुइटांकडे गेले. वासमान १९३१ मध्ये हॉलंडमधल्या फाल्केनबुर्ख इथे वारले. त्यांचा कीटकसंग्रह मास्ट्रिख्टच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे.

वासमान ज्या रेघेपाशी थांबले ती ओलांडायला एक दुसरा जेझुइट भारतात आला. पिएर तैयार द शार्दां, फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ, पेकिंग मानवाच्या उत्खननाशी जोडलेले. १९३५ मध्ये हेल्मुट द टेरा यांच्या मोहिमेबरोबर ते नर्मदेच्या खोऱ्यात होशंगाबाद-नरसिंहपूर भागात हिंडले. आदिमानवाच्या काळाचे थर आणि दगडी हत्यारे त्यांनी पाहिली. माणसाचे हाड त्यांना मिळाले नाही. ते मिळाले १९८२ मध्ये, त्याच खोऱ्यात हथनोऱ्याला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना. तैयार यांना माणसाची उत्क्रांती ही श्रद्धेची अडचण वाटलीच नाही. त्यांनी तिच्यातच ख्रिस्ताकडे जाणारी वाट पाहिली. त्यांच्या हयातीत संघाने त्यांचे तत्त्वचिंतन छापू दिले नाही. १९५५ मध्ये ते गेले, मग पुस्तके आली, आणि १९६२ मध्ये व्हॅटिकनने वाचकांना सावधगिरीचा इशारा दिला.

तरीही बर्फ वितळत होता. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करायला मोकळीक दिली, आत्म्याची निर्मिती ईश्वराकडे राखून. एकाच आदिदांपत्याचा आग्रह मात्र सोडला नाही. १९९६ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही आता केवळ गृहीतक राहिलेली नाही असे सांगितले. वासमान यांच्या बर्लिन सभेला तेव्हा नव्वद वर्षे होत आली होती.

बुद्धिमान रचनेचा वाद त्याच वर्षी वर आला, आणि तोही एका कॅथलिक माणसाकडून. अमेरिकेतले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी १९९६ मधल्या पुस्तकात लिहिले की जिवाणूच्या शेपटासारखी गुंतागुंत टप्प्याटप्प्याने बनूच शकत नाही, म्हणजे मागे रचनाकार हवा. जुलै २००५ मध्ये व्हिएन्नाचे कार्डिनल शोनबोर्न यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून या विचाराला बळ दिल्यासारखे केले. व्हॅटिकन वेधशाळेचे जेझुइट संचालक जॉर्ज कॉइन यांनी त्यांना जाहीर उत्तर दिले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेत ही कल्पना शिकवण्यावरून खटला उभा राहिला. बीही प्रतिवादींच्या बाजूने साक्षीला उभे होते, तर विरुद्ध बाजूला जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर आणि धर्मपंडित जॉन हॉट, दोघेही कॅथलिक. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला: हे विज्ञान नाही.

कॉइन आणि हॉट यांचा आक्षेप श्रद्धेच्या अंगानेच होता, हे इथल्या वाचकाने लक्षात घ्यावे. थॉमस अक्वायनसच्या परंपरेत ईश्वर हा सर्व कारणांचे कारण आहे. पाऊस, बीज, वारसा ही कारणे त्याच्या आधाराने काम करतात. त्याला निसर्गातल्या एका न सुटलेल्या कोड्यात बसवले, तर उद्या कोडे सुटताच तो तिथून हाकलला जाणार. अशी श्रद्धा प्रत्येक नव्या शोधाला घाबरते. पोप फ्रान्सिस २०१४ मध्ये वैज्ञानिकांसमोर बोलले तेव्हा त्यांनी ईश्वर म्हणजे छडी फिरवणारा जादूगार नव्हे, असे बजावले. वासमान यांनी शतकभर आधी घेतलेली भूमिका याहून फार वेगळी नव्हती.

आपल्याकडे हा प्रश्न संपलेला नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला भरलेल्या वैदिक संमेलनात केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलावा असे सांगितले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिले नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्रित निवेदन काढून तो खोडला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, आणि वैज्ञानिकांना पुन्हा निवेदन काढावे लागले. धर्म वेगळा असला तरी भीती ओळखीची आहे. लरुआ यांना माघार घ्यायला लावणाऱ्यांची हीच होती.

महाराष्ट्राच्या बालभारतीने मात्र दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग दोनचा पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा ठेवला. सोलापूरच्या मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू माध्यमांच्या शाळांत, हिंदू, मुस्लिम, लिंगायत, ख्रिस्ती मुलांसमोर हा विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. कुणाच्या भावना दुखावतील म्हणून हा पाठ घाईने उरकू नका. एखाद्या मुलाने देवाचे काय असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. राहुरीजवळ आणि खंडाळ्याला वारुळे उघडून पाहणारे दोन पाद्री होते आणि त्यांनी पाहिलेले जगासमोर ठेवणारा तिसरा होता, एवढे त्याला सांगा.